वसुलीला निघताना छातीत धडधडतं: एका फील्ड ऑफिसरला उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. तुम्ही २९ वर्षांचे, यवतमाळ जिल्ह्यात, बायांच्या गटांना छोटी कर्जं देणाऱ्या एका मायक्रोफायनान्स कंपनीत फील्ड ऑफिसर. पहिली दोन वर्षं शाखेत तुमची वसुली सगळ्यांत चांगली होती, जुलैपासून घसरली. सकाळी गाडीला किक मारतानाच छातीत धडधडतं, रात्री दोनला जाग येते, आणि रोज रात्री साडेआठच्या कॉलवर मॅनेजर सगळ्यांसमोर नाव घेऊन बोलतात. तुम्ही विचारलंय, "मी मनानं कमजोर झालो का? कोणता योगा, ध्यान केलं म्हणजे परफॉर्मन्स परत येईल? की नोकरीच सोडू?" आणि मध्येच, सहज पडल्यासारखं एक वाक्य आहे: "कधी कधी वाटतं, सकाळी जागच आली नाही तर बरं."

त्या वाक्यापासूनच सुरू करते. माझ्या टेबलासमोर लोक हे वाक्य बहुतेक वेळा असंच टाकतात, सगळं बोलून झाल्यावर, केसपेपर हातात घेऊन उठता उठता. म्हणून मी ते कधी सोडत नाही. जाग येऊ नये असं वाटणं आणि जीव द्यायचा विचार घोळणं यांत अंतर आहे, पण झोप उडालेल्या माणसाला ते अंतर फार लांबचं नसतं. मन त्या दिशेनं काही ठरवू लागलं असेल तर हे उत्तर नंतर वाचा. आधी घरातल्या एका माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा आणि १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास आणि फुकट. मराठीत बोलता येतं.

आता बाकीचं. मी उपजिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत सामाजिक कार्यकर्ती आहे, १६ वर्षं झाली. डॉक्टर नाही. औषध देत नाही, ऐकून घेते, गरज पडली तर घरी जाते, पाठपुरावा करते. महावितरणचे लाइनमन, आशाताई, ग्रामसेवक, जिनिंगमधले हिशेबनीस आणि अलीकडे तुमच्यासारखी वसुलीची पोरं, सगळे येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न तुमचाच असतो: मी कमजोर झालो का?

मला तुमच्या प्रश्नात दुसरंच काही दिसलं. तुम्हीच लिहिलंय की आई अजून रोजानं निंदायला जाते, आणि तीही एका गटात आहे, दुसऱ्या कंपनीच्या. म्हणजे सकाळी तुम्ही ज्या बाईसमोर उभे राहता ती तुमच्या आईच्या वयाची, आईच्याच कामाची. आणि त्याच वेळी तुमच्या दारात दुसरा कुणी वही घेऊन उभा असतो. वसुलीचा ताण सगळ्यांनाच असतो. तुम्हाला खातंय ते एकाच वेळी दाराच्या दोन्ही बाजूंना उभं राहणं. प्राणायामानं श्वास सुधारेल, जरूर करा. पण हा पेच त्यानं सुटायचा नाही, आणि सुटला नाही की तुम्ही परत स्वतःलाच कमजोर म्हणाल.

जुलैपासूनच का घसरलं? महिना तुम्ही लिहिला, पण त्यावर थांबला नाहीत. आपल्याकडे पेरणीला घरातला पैसा मातीत जातो. सोयाबीन ऑक्टोबरात, कापसाची पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या आसपास. मधले तीन-चार महिने घर चालतं ते बायांच्या निंदणाच्या मजुरीवर. तुमचा हप्ता मात्र आठवड्याचा. झड लागली की निंदण बंद, निंदण बंद की मजुरी नाही. "साहेब, आठ दिसापासून झड हाय, वावरात पाय ठेवता येत नाही, कोठून आणू जी पैसे?" असं म्हणणारी बाई दर वेळी बहाणा करत नसते. पहिल्या दोन वर्षांच्या आकड्यांत तुमचं कसब होतंच, पण पाऊसपाणी कसं होतं तेही आठवून बघा. तेव्हाचं सगळं श्रेय जसं एकट्या तुमचं नव्हतं, तसं आताचं अपयशही नाही.

रॉबर्ट करासेक या अमेरिकी अभ्यासकानं १९७९ मध्ये मांडलेली एक गोष्ट मी नोकरदारांना हमखास सांगते. काम जड आहे एवढ्यानं माणूस मोडत नाही. काम जड आणि त्यात स्वतःला ठरवण्यासारखं काहीच नाही, हे दोन्ही जमलं की मोडतो. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टरही ताणात असतो, पण पुढचा निर्णय त्याचा असतो. तुमचं बघा. कर्ज किती द्यायचं, हप्ता केवढा, कोणत्या वारी, कोणती सेंटरं (गटांच्या बैठकीच्या जागा), सगळं वरून ठरतं. पाऊस तर आणखी वरून.

मग मॅनेजर का ओरडतात? कारण थोडं टोचलं की माणूस पळतो, हे अर्धं खरं आहे. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी उंदरांवर एक प्रयोग केला होता. दोन डबे, एक पांढरा, एक काळा. चुकीच्या डब्यात शिरला की उंदराला विजेचा झटका. डब्यांतला फरक ठळक होता तेव्हा झटका जोराचा दिला की उंदीर लवकर शिकले. पण उजेड कमी-जास्त करून दोन्ही डबे जवळपास सारखे केले, तेव्हा जोराच्या झटक्यानं शिकणं बिघडलं, मध्यम झटक्याला ते बरं जमलं. उंदरांवरून माणसाचं सगळं सांगता येत नाही. पण एवढा भाग मी ओपीडीत बघते. नोटा मोजणं, टॅबमध्ये नोंदी भरणं ही सोपी कामं दबावाखाली भराभर होतात. समोरची बाई देऊ शकत नाही की देत नाही, नवरा दारू पिऊन आत झोपलाय का, आज अर्धा हप्ता मागावा की तारीख घ्यावी, हे ओळखणं म्हणजे ते सारखे दिसणारे डबे. साडेआठच्या कॉलचा झटका खाऊन गेलेला माणूस नेमकं हेच चुकतो. एक तर गुळमुळीत बोलतो, नाहीतर आवाज चढवतो.

आणि तिसरी गोष्ट करतो, जी कुणाला दिसत नाही. टाळतो. दोनेक वर्षांपूर्वी तुमच्याच धंद्यातला एक मुलगा यायचा, ओळख पुसून सांगते. मी त्याला म्हटलं, कालचा दिवस मला सकाळपासून सांग, काही गाळू नको. घरून आठला निघाला. गावाच्या फाट्यावर टपरी, तिथे गाडी लावली. चहा घेतला, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घोटायला सांगितला. मोबाइलमध्ये यादी उघडली, बंद केली, परत उघडली. पाऊण तास. मग जिथे हमखास पैसे मिळतात त्या चार घरी गेला. थकीतवाल्या घरी पोचला तेव्हा साडेअकरा. बाई वावरात, दाराला कडी. त्यानं 'भेटली नाही' असा शेरा मारला. मी विचारलं, कडी बघून कसं वाटलं? तो थोडा वेळ गप्प बसला. म्हणाला, "बरं वाटलं ताई."

त्या 'बरं वाटलं'मध्येच सगळी गोम आहे. मन शिकतं की ते घर म्हणजे धोका, आणि न जाणं म्हणजे सुटका. पुढच्या आठवड्यात धडधड फाट्याच्या आधीच सुरू होते. थकबाकी वाढते, कॉलवर जास्त बोलणी बसतात, आणखी टाळलं जातं. तुम्हाला वाटतंय की कामगिरी घसरली म्हणून ताण आला. माझा अंदाज आहे की चाक उलटंही फिरतंय. तुमचा पाऊण तास कुठे जातो, ते एकदा प्रामाणिकपणे बघा.

त्या मुलाला मी एवढंच करायला सांगितलं: कठीण घर यादीत दुसऱ्या नंबरवर. पहिल्यावर नको, कारण पहिलं घर सोपं असलं की आवाज बसतो, हात थरथरत नाहीत. शेवटी तर नकोच. दिवसाला एकच कठीण घर. तिथे जाण्याचा उद्देश पैसे आणणं नाही, दहा मिनिटं बसणं आणि एकच प्रश्न विचारणं: "काम कधी लागेल, बाई?" उत्तरात येईल ती तारीख वहीत लिहायची आणि त्या तारखेला जायचं. पहिल्या पंधरवड्यात वसुली फारशी वाढली नाही. फाट्यावरचा पाऊण तास मात्र दहा मिनिटांवर आला. पुढे काही घरांनी अर्धा हप्ता द्यायला सुरुवात केली. टार्गेट शंभर टक्के त्या हंगामात झालंच नाही. झोप आधी आली, वसुली नंतर. तुमच्या बाबतीत हाच क्रम राहील असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण उलट्या क्रमानं झालेलं मी क्वचितच बघितलंय.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात टोचलेली गोष्ट. तीन बायांचे हप्ते तुम्ही स्वतःच्या खिशातून भरले, कॉलवर आकडा पूर्ण दिसावा म्हणून. का केलंत ते मला कळतं. रुग्णालयात लागायच्या आधी मी एका संस्थेत सर्वेक्षणाचं काम करायचे. रोज २५ घरं, चार पानांचा फॉर्म. एवढं होत नसतं. श्रावणात एक दिवस मी कडुलिंबाखाली बसून सात घरांचे फॉर्म मनानंच भरले. संध्याकाळी सुपरवायझरनं सगळ्यांसमोर शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी उठल्यापासून पोटात कळ. आता कामाची भीती होतीच, वर पकडले जाण्याची भीती, आणि सगळ्यात वाईट म्हणजे २५ घरं 'होतात' हे मीच सिद्ध करून ठेवलं होतं.

तुमचंही तेच झालंय. आकडा पूर्ण दिसला की वरच्यांना वाटतं, त्या सेंटरमध्ये अडचण नाही. शिवाय त्या बाईचं कर्ज आता कंपनीचं राहिलं नाही, तुमचं आणि तिचं झालं. उद्या ते मागणार कोणत्या तोंडानं? आणि नाही मागितलं तर घरी काय सांगणार? आजच एका पानावर लिहा: कुणाचे, किती, कोणत्या तारखेला. आणि पुढे एक रुपयाही भरू नका. झालेलं मॅनेजरला सांगायचं की नाही, हे तुमच्या कंपनीचे नियम आणि मॅनेजर कसा माणूस आहे यावर आहे. मी तुमच्या जागी असते तर सांगितलं असतं. पण नोकरी तुमची जाईल, माझी नाही, म्हणून हे ठरवणं तुमच्यावर सोडते.

दिवसाला खर्रे किती? तुम्ही लिहिलं नाही, म्हणून विचारते. आपल्याकडे फिरतीवरचा माणूस आणि खर्रा नाही, असं फार कमी. तंबाखूतल्या निकोटिननं हृदयाचे ठोके वाढतात. उपाशीपोटी चहा, त्यावर खर्रा, की अर्धी धडधड तिथूनच सुरू होते. आणि तासा-दोन तासांनी तलफ आली की चिडचिड, अस्वस्थपणा, जो कामाच्या ताणासारखाच वाटतो. मग खर्रा खाल्ला की 'ताण उतरला' वाटतं, प्रत्यक्षात तलफ उतरलेली असते. एकदम सोडा असं मी म्हणत नाही. सकाळचा पहिला खर्रा नाश्ता होईपर्यंत आणि शेवटचा संध्याकाळी सातनंतर नाही, एवढं दोन आठवडे करून धडधड किती उरते ते बघा. उरेल ती खरी आपली.

झोपेचंही तसंच. साडेआठला बोलणी खायची, दहाला जेवायचं, मग अंथरुणात वसुलीचा ग्रुप बघत पडायचं, तर दोनला जाग येणारच. कॉल तुमच्या हातात नाही. कॉल आणि अंथरूण यांच्यामधला दीड तास आहे. जेवण कॉलच्या आधी उरका. कॉल झाला की उद्याची यादी कागदावर लिहा, दुसऱ्या नंबरच्या घरासकट, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. दोनला जाग आलीच तर घड्याळ बघू नका. मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून झोपेच्या गोळ्या आणू नका. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांची सवय लागते, नंतर त्या सोडवायला वेगळा उपचार लागतो. त्या सोडवण्यासाठीच येणारेही आमच्याकडे आहेत.

मॅनेजरशी बोलायचं का? बोला, पण कॉलवर नाही आणि 'मला ताण येतो' असं म्हणून नाही. थकीत घरांचे तीन ढीग करा: सध्या देऊच शकत नाहीत, देऊ शकतात पण टाळतात, आणि गाव सोडून गेलेले. प्रत्येक ढिगात किती घरं, किती रुपये, हे एका पानावर. मग सांगा, दुसऱ्या ढिगावर मी जोर लावतो, पहिल्या ढिगासाठी तुम्ही माझ्यासोबत एक दिवस चला. काही मॅनेजर येतात, आणि चिखलातून दोन घरं फिरले की त्यांचा आवाज खाली येतो. काही म्हणतात, कारणं सांगू नको. त्यांच्याही वर रात्री नऊचा कॉल असतो.

एक नियम मात्र माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या मायक्रोफायनान्सच्या निर्देशांत, जे १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत, कर्जदाराला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करणं, धमकी किंवा अर्वाच्य बोलणं हे वसुलीच्या जाचक पद्धतीत मोडतं. वसुली ठरलेल्या जागी करायची, आणि कर्जदार तिथे लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा आला नाही तरच घरी किंवा कामाच्या ठिकाणी जायचं. कर्ज देताना घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त रक्कम हप्त्यांत जाऊ नये, असंही त्यात आहे. म्हणजे रात्री सातला "आत्ता लाव फोन तिला" असं सांगितलं गेलं आणि तुमचा हात थबकला, तर तो कमजोरपणा नाही. तुमचा हात नियमाप्रमाणे थबकलाय.

आपल्या जिल्ह्यात हप्ता मागायला जाणाऱ्याच्या मनात आणखी एक भीती असते, बोलून कुणी दाखवत नाही: आपण मागितलं आणि त्या घरात काही झालं तर? एखाद्या दारात बाई किंवा तिचा नवरा जीव नकोसा झाल्याचं बोलला, तर तिथे हप्त्याचा विषय थांबवा. बसा, घरातलं दुसरं कुणी बोलवा, गावच्या आशाताईंना सांगा, तोच १४४१६ नंबर त्यांनाही द्या. आणि मॅनेजरला त्याच दिवशी लेखी कळवा, मेसेज चालेल. पुढचं सगळं तुमच्या एकट्याच्या डोक्यावर राहू नये म्हणून.

नोकरी सोडायची की नाही, हे मी सांगू शकत नाही. घरी कर्ज किती, शेती किती, धाकटी भावंडं आहेत का, दुसरं काम हाताशी आहे का, यावर ते आहे. दोनला जाग येणाऱ्या महिन्यात मात्र ठरवू नका. कापूस घरात आला की वसुली आपोआप थोडी सोपी होते. दिवाळीनंतरची एक तारीख धरा आणि तेव्हा ठरवा. तोवर झोप आली, आणि तरीही त्या दारांत उभं राहणं नको वाटत असेल, तर ते उत्तर विश्वासाचं असेल. सोडणारे सगळे हरलेले नसतात. माझ्याकडचा तो मुलगा आता कृषी केंद्रात काउंटरवर आहे, पगार कमी आहे, बरा आहे.

अजून एक बघायचंय, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं: सुट्टीच्या दिवशी कसं असतं? रविवारी भूक लागते, पोळ्याला बैल सजवताना हसू येतं, आणि सोमवार जवळ आला की छाती भरून येते, असं असेल तर मूळ बहुतेक कामात आहे. पण सणालाही पुरणपोळी मातीसारखी लागली, पोरं खेळताना बघूनही आत काही हललं नाही, आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, तर ते उदासीनतेचं दुखणं, म्हणजे डिप्रेशन, असू शकतं, आणि त्याला उपचार आहे. आमच्याकडे नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले की आम्ही डॉक्टरांकडे पाठवतो. तुमच्या त्या एका वाक्यामुळे मला वाटतं, तुम्ही ती भरायलाच हवी. सोबत बीपी, हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइडही होऊन जाईल. थायरॉइड वाढलं असलं तरी अशीच धडधड होते. छातीत दुखत असेल तर मात्र ओपीडीच्या वाराची वाट बघू नका, त्याच दिवशी जाऊन ईसीजी काढा. औषध लागलंच तर फरक पडायला दोन-तीन आठवडे जातात, चार गोळ्या खाऊन सोडू नका.

आपल्याकडे कमजोर म्हणवलं जाईल म्हणून लोक येत नाहीत. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. आधी पाहणी केली तेव्हा उदासीनता असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकांनीच मदत घेतली होती. १८ महिन्यांनी तो आकडा २७.२ टक्के झाला. गावं तीच होती, बोलायला गावातच कुणी तरी मिळालं एवढंच. आणि कंपनीला कळेल ही भीती असेल तर, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमच्या उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिलाय. आम्ही मॅनेजरला फोन करत नाही.

मानसोपचार ओपीडी प्रत्येक ठिकाणी रोज नसते, वार ठरलेले असतात. जवळच्या उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात फोन करून वार विचारा आणि सकाळी केसपेपरची खिडकी उघडते तेव्हाच या. खिडकीवर ओळखीचं कुणी असेल आणि 'मानसोपचार' म्हणायला जीभ वळली नाही, तर 'झोपेची तक्रार' सांगा. अर्धी रांग तेच सांगते, कोणत्या खोलीत पाठवायचं ते खिडकीवरच्या बाईंना कळतं.